चिंधीचा भाव कोण ठरवतो?

गोधडी शिवायला आपल्याकडे कोणी वर्गात जात नाही. आई-आजीच्या मांडीशी बसून मुली टाका शिकतात. म्हणूनच एखाद्या भगिनीचा नवरा वारला किंवा त्याने तिला टाकले, की वस्तीत पहिला सल्ला मिळतो, "शिवणकाम कर." आम्हीही तो दिला आहे. शिवलेले घेणार कोण आणि काय भावाने, हे मात्र विचारले नाही.

अहमदाबादच्या दरियापूर भागातल्या मुस्लिम भगिनी गिरण्यांतल्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवत. चिंध्या व्यापारी देई आणि तयार खोळी तोच नेई. मशीन बाईचे, जागा बाईची, दिवाबत्ती बाईची. भाव तेवढा व्यापाऱ्याचा! हातात कला असून पोट भरत नव्हते.

त्यांना इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेने एकत्र आणले. 1972 साली ही संघटना नोंदवतानाच सरकारी खाते अडून बसले होते: मालक नाही, तर युनियन कसली? युनियन मालकाशी भांडायलाच नव्हे, कामगारांच्या एकीसाठीही असते, हे पटवावे लागले. पुढे खोळवाल्या बायांनी दर वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच बंद केले. मग संघटनेने स्वतः चिंध्या मिळवल्या, आणि त्यातून 'सबीना' ही बायांची सहकारी संस्था उभी राहिली. कर्जासाठी सावकाराची पायरी चढू नये म्हणून 4,000 बायांनी दहा-दहा रुपये घालून 1974 साली बँकही काढली. सही येत नसे, म्हणून पासबुकावर फोटो!

आपल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'सेवा'त कागद-भंगार वेचणाऱ्या दलित बायाही होत्या. 1981 साली गुजरातेत आरक्षणविरोधी दंगली पेटल्या, तेव्हा इलाबेन उघडपणे दलितांच्या बाजूने उभ्या राहिल्या. ज्या मजूर महाजनच्या पोटी 'सेवा' जन्मली, त्यानेच तिला बाहेर काढले. संघटना मोडली नाही, वाढली.

आमच्या पाहण्यातल्या एका शिवणवर्गात प्रमाणपत्रे वाटली, फोटो निघाले. वर्षभराने मशिनी गोणपाटाखाली गेल्या. तेव्हा वर्ग काढणाऱ्यांनी आधी चार भगिनींना घेऊन बाजारात जावे आणि दुकानदार नगामागे काय देतो ते विचारावे. दोरा, वीज आणि लागलेले तास मांडून हिशेब करावा. काम घ्यायचेच, तर दर चौघींनी मिळून सांगावा.