एक वाटी सूप म्हणजे नेमके किती?

आजारातून उठलेल्या माणसाला 'रात्री वाटीभर सूप द्या' असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मधुमेही व्यक्तीच्या आहारतक्त्यात 'डाळ – एक वाटी' असे लिहिलेले असते. तक्ता घरी येतो, स्वयंपाकघरात भिंतीवर लागतो आणि मनापासून पाळलाही जातो. पण तो कोणत्या वाटीने पाळायचा, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आपल्या घरात चटणीच्या वाटीपासून आमटीच्या वाडग्यापर्यंत पाच-सहा मापांच्या वाट्या असतात. म्हणूनच आज या सुपाच्या (पाखडायच्या नव्हे, प्यायच्या!) मापाचा विचार करू.

डोळ्यांना फसवणारे माप

अर्धगोल आकाराच्या वाटीचे तोंड ८ सेंटिमीटर रुंद असेल, तर ती काठोकाठ भरल्यावर तिच्यात सुमारे १३५ मिलिलिटर द्रव मावतो. ९ सेंटिमीटरच्या वाटीत सुमारे १९० आणि १० सेंटिमीटरच्या वाटीत सुमारे २६० मिलिलिटर मावतो. म्हणजे रुंदीत जेमतेम बोटभर फरक, आणि मावणारा पदार्थ मात्र जवळजवळ दुप्पट! वाटी रुंदीला वाढते तशी खोलीलाही वाढते, हे त्याचे कारण. आपल्या वाट्या थोड्या पसरट किंवा उभट असतात. पण हिशेब साधारण असाच राहतो.

शिवाय डोळेही फसतात. मोठ्या वर्तुळाच्या आत काढलेले वर्तुळ आहे त्यापेक्षा लहान वाटते, हा दृष्टिभ्रम बेल्जियमचे शास्त्रज्ञ डेलबफ यांनी १८६५ साली मांडला. तसेच पसरट वाडग्याच्या तळाशी असलेले सूप थोडे दिसते, आणि वाढणारा हात आणखी एक पळी घालतो.

ठिकठिकाणची मापेही वेगळी आहेत. अमेरिकेत अन्नाच्या वेष्टणावरील माहितीसाठी सुपाचे एका वेळचे प्रमाण २४५ ग्रॅम, म्हणजे सुमारे एक कप धरतात. आपल्याकडे मिळणाऱ्या सुपाच्या अनेक पाकिटांवर माणशी १५० मिलिलिटरच्या आसपासचा हिशेब असतो. हॉटेलातला बाऊल बहुधा घरच्या वाटीपेक्षा मोठा असतो. एक सूप मागवून 'वन बाय टू' करण्याची पद्धत म्हणूनच सोयीची ठरते.

फरक कोणाला पडतो?

धडधाकट माणसाला पन्नास-शंभर मिलिलिटर इकडचे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. पुढील मंडळींना मात्र हे माप महत्त्वाचे आहे.

पाण्यावर बंधन असलेले रुग्ण : हृदय अशक्त झालेल्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर दिवसभरातील पाणी मोजून घ्यायला सांगतात. अनेक जण फक्त पिण्याचे पाणी मोजतात. सूप, सार, ताक, चहा, पातळ आमटी हे सगळे त्याच हिशेबात धरावे लागते. समजा, दिवसाला एक लिटरची मर्यादा आहे. दोन वेळचा चहा २०० मिलिलिटर, ताक २००, दुपारी मोठी वाटीभर सार २५० आणि रात्री तेवढेच सूप २५०. पाण्याचा एक घोटही न घेता ९०० मिलिलिटर झाले! सार आणि सूप लहान वाटीने घेतले, तर जवळजवळ एक फुलपात्र पाणी प्यायला उरते. पायावरची सूज आणि रात्रीची धाप यांच्याशी या हिशेबाचा थेट संबंध आहे.

रक्तदाबाचे रुग्ण : जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ घ्यावे. पाकिटातल्या सुपात मीठ बरेच असते. पाकिटावर सोडियमचा आकडा दिलेला असतो. त्याची अडीच पट केली की मीठ कळते. एका वेळच्या प्रमाणात ६०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ दीड ग्रॅम झाले. पण हा आकडा १५० मिलिलिटरसाठी असेल आणि आपला वाडगा ३०० मिलिलिटरचा असेल, तर पोटात तीन ग्रॅम मीठ जाते. दिवसाच्या मिठाचा निम्म्याहून अधिक वाटा एका वाडग्यातच संपला!

अशक्त व वृद्ध माणसे : येथे धोका उलटा आहे. वाटीभर पातळ टोमॅटो सूप म्हणजे मुख्यतः पाणी. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पण एका भाकरीची ताकद त्यात नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ सालच्या आहारमार्गदर्शिकेत डाळीचा एक भाग ३० ग्रॅम कोरड्या डाळीचा धरला आहे. त्यातून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढी डाळ एकाच्याच वाटीत घट्ट शिजवून वाढली, तर ती सगळी त्याला मिळतात. तीच डाळ चार वाट्या पाण्यात शिजवून चौघांना वाढली, तर प्रत्येकाला दोन ग्रॅमही मिळत नाहीत. वाटी तीच, पण आतला माल पाव! म्हणून आजाऱ्याचे सूप गाळून देऊ नये. मूगडाळ, भाज्या, चालत असेल तर अंडे किंवा चिकन घालून ते दाट करावे. वृद्धांना ते लहान वाटीतून, पण दिवसातून दोन-तीनदा द्यावे.

लहान मुले : सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू करताना 'वरणाचे पाणी' देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण बाळाचे पोट एवढेसे. ते पाण्याने भरले, तर अन्नाला जागा उरत नाही. म्हणून वरचे पाणी नव्हे, तर तळची डाळ कुस्करून, मऊ भात आणि थोडे तूप घालून द्यावी. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे पुरतात. हळूहळू वाढवत नवव्या महिन्यापासून एका वेळी सुमारे १२५ मिलिलिटरची वाटी, आणि वर्षानंतर पाऊण ते एक मोठा कप, असे प्रमाण असावे. अंगावरचे दूध चालू ठेवावेच.

वाटी मोजायची कशी?

यासाठी कोणतेही उपकरण विकत आणायला नको. अर्ध्या लिटरच्या पिशवीतील दूध तापवण्यापूर्वी रोजच्या वाटीने मोजून पातेल्यात ओता. वाटी आपण एरवी वाढताना भरतो तेवढीच भरा. चार वाट्या झाल्या तर आपली वाटी १२५ मिलिलिटरची, तीनहून थोड्या अधिक झाल्या तर १५० ची, अडीच झाल्या तर २०० ची आणि दोनच झाल्या तर २५० ची. पाण्याने आमटीची पळीही अशीच मोजून ठेवावी. एका वाटीत किती पळ्या बसतात हे कळले, की वाढणाऱ्याचा अंदाज चुकत नाही.

घरात पथ्याचा रुग्ण असेल, तर त्याची एक वाटी कायमची वेगळी ठेवावी आणि सर्वांनी त्याच वाटीने वाढावे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा, "आमची वाटी दीडशे मिलिलिटरची आहे, ती किती भरायची?" चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडेल, आणि भिंतीवरचा तो तक्ता खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.