पट्ट्याला ओटीतलं ओझं कळत नाही

दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. मुलाने आणून दिलेला मनगटी पट्टा बांधून त्या दिवसभर कापूस वेचायला गेल्या. संध्याकाळी कंबर धरली होती आणि पट्टा म्हणत होता, आज हालचाल ‘हलकी’. मुलगा मात्र अर्धा तास झपझप फिरून आला की त्याला ‘जोमदार’ असा शेरा मिळतो. चूक कोणाची?

ताई, तुमची कंबर खरं सांगते आहे. पट्टा मोजतो ती हालचाल, आणि तुम्ही विचारता आहात श्रम.

पट्ट्याच्या आत काही मिलिमीटरची सिलिकॉनची चकती असते, तोच हालचालीचा संवेदक. तिच्यात लवचीक आधारांवर एक सूक्ष्म तुकडा तोललेला असतो. हात हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पात्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युतधारिता बदलते, आणि त्यावरून त्वरण कळतं. तिन्ही दिशांना, सेकंदाला कित्येक वेळा.

मूर्तिजापूर-दर्यापूर एसटीत दांडा धरून, डोळे मिटून उभा असलेला प्रवासी आठवा. गाडी सुटली की तो मागे झुकतो, ब्रेक लागला की पुढे, खड्डा आला की उसळतो. नुसत्या हेलकाव्यांवरून तो सांगेल की गाडी थांबली, पळाली की वळली. हा प्रवासी मला फार आवडतो, कारण संवेदकाची सगळी करामत त्याच्यात आहे आणि सगळी मर्यादाही. टपावर किती पोती लादली आहेत, इंजिन किती डिझेल पितं आहे, हे त्याला सांगता येत नाही. लादलेली गाडी चढावर रांगते तेव्हा हेलकावे घटतात आणि डिझेल वाढतं!

मग हेलकाव्यांवरून श्रम ठरवतात कसे? माणूस स्वस्थ बसलेला असताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, असं धरतात. हा झाला एक ‘मेट’. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम श्रम, त्यापुढे तीव्र. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅटी फ्रीडसन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांच्या कमरेला संवेदक बांधून त्यांना ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं, आणि ऑक्सिजनही मोजला. त्यातून मध्यम श्रमांची रेघ ठरली, मिनिटाला १,९५२ ‘काउंट’ (‘काउंट’ म्हणजे संवेदकाने टिपलेल्या हालचालीचं माप). पुढे जगभरच्या असंख्य अभ्यासांनी तीच रेघ वापरली. काम चोख होतं. पण ती रेघ सपाट ट्रेडमिलवर मोकळ्या हातांनी चालणाऱ्यांची आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्यांचं गणित तर कंपन्या उघडही करत नाहीत.

ती रेघ घेऊन आपल्या वावरात या. निंदण करणारी बाई उकिडवी बसून पुढे सरकते, आणि कमरेवरचा संवेदक तिला जवळजवळ स्वस्थ समजतो. वेचणीत बोटं भराभर चालतात, पाय मात्र पऱ्हाटीच्या तासातून सावकाश सरकतात आणि ओटी भरत जाते. ओझं वाढतं, वेग घटतो. फवारणीवाल्याच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप आणि पायाखाली चिकटलेली काळी माती. अमेरिकी लष्करासाठी पॅन्डॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ओझ्यासह चालण्याचं सूत्र मांडलं. त्यात डांबरी रस्त्याला १ हा गुणक आहे, दलदलीला १.८. म्हणजे तोच वेग, तेच ओझं, पण चालण्याचा खर्च पावणेदोन पटीच्या वर. नाडीवरून मोजावं म्हटलं, तर अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात ती नुसत्या उष्णतेनेही वाढते.

याच अकोला जिल्ह्यात श्रमांची नोंद ठेवण्याचा एक नामांकित प्रयोग झाला. १९७५ पासून इक्रिसॅट या संस्थेने कान्झरा आणि किनखेडा या गावांत प्रत्येकी ४० कुटुंबांची शेती, मजुरी, खर्च अशी बारीक नोंद केली. संस्थेची माणसं गावात राहून दर काही आठवड्यांनी माहिती घेत. बाईने किती वेळ काम केलं हे त्या वह्यांमधून कळतं. त्या कामाने तिला किती दमवलं, ते कळत नाही.

तो दुसरा प्रश्न महाराष्ट्रात नेटाने विचारला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव यांनी, आणि त्यांचं नाव या विषयात हवं तितकं घेतलं जात नाही. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास चालू होता. राव आणि सहकाऱ्यांनी गावातल्या बायकांशी गटागटाने बोलून त्यांच्या रोजच्या कामांची प्रश्नावली केली. ती खरी उतरते का, हे पाहायला निरीक्षकाने ठेवलेल्या रोजनिशीशी ताडून पाहिली. मग प्रत्येक कामाला त्याच्या ऊर्जेनुसार वजन दिलं. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भारपणात श्रम जितके जास्त, तितकं बाळाचं सरासरी वजन कमी, आणि डोक्याचा घेरही लहान. मनगटावर एकही यंत्र नव्हतं. पण मोजायचं काय, हे आधी बायकांनाच विचारलं होतं, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

म्हणून संवेदक टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. आठवणीत न राहणारी प्रत्येक घटका तो टिपतो, ही त्याची ताकद प्रश्नावलीत नाही. त्याला शिकवायला हवं ते आपल्या कामांवर. मनगट, कंबर आणि मांडी अशा तीन ठिकाणी संवेदक, तोंडावर ऑक्सिजन मोजणारा मुखवटा, ओटीचं वजन दर फेरीला काट्यावर. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे वावर आहे. अमरावतीत १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. शेती जाणणारे आणि शरीर जाणणारे असे दोघे शंभर किलोमीटरच्या आत आहेत. त्यांनी मिळून वेचणी, निंदण, डवरणी आणि फवारणीची स्वतंत्र रेघ आखली, तर सातव्या महिन्यातल्या मजूर बाईला कोणतं काम देऊ नये, हे गावातल्या आशा सेविकेला अंदाजाने नव्हे, आकड्याने सांगता येईल.