सफरचंदाचा सण आणि आपला पेरू

२१ ऑक्टोबर १९९० रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डन बाजारात 'कॉमन ग्राउंड' संस्थेने पहिला 'ॲपल डे' भरवला. आज ब्रिटनमध्ये शरद ऋतूत सार्वजनिक बागांतही लोक जमतात, आपल्या भागातल्या सफरचंदाच्या जाती चाखतात, रस काढतात.

आपण मात्र आजाऱ्याला भेटायला जाताना, ऐपत नसली तरी, सफरचंदच नेतो. सफरचंद चांगलेच, ते सालीसकट खावे, कारण रसात चोथा उरत नाही. पण १०० ग्रॅम पेरूत 'क' जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम असते, सफरचंदात १० मिलिग्रॅमही नसते. चोथाही पेरूतच जास्त.

महाग तेच पौष्टिक, हा समज आपण सोडू या. त्यांनी आपल्या मातीतल्या फळाला मान दिला. आपणही हातगाडीवरच्या पेरूला देऊ या.