गोगलगायीचे समीपछायाचित्रण

2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीनची नुकती उगवलेली रोपे शंखी गोगलगायींनी रातोरात फस्त केली. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि राज्य शासनाला या तीन जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करावी लागली. तेव्हापासून मराठवाड्यात हा प्राणी मुख्यतः कीड म्हणूनच ओळखला जातो. नांदेड-लातूरकडच्या परसबागांतही तो पावसाळ्यात कुंड्यांच्या आडोशाला आढळतो. शेतात त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. परंतु ज्याचा बंदोबस्त करायचा, त्याची नीट ओळख असणे श्रेयस्कर. त्यासाठी समीपछायाचित्रण, म्हणजेच मॅक्रो फोटोग्राफी, हे उत्तम साधन आहे.

गोगलगाय मृदुकाय संघातील उदरपाद वर्गात मोडते. पोटाखालचा रुंद स्नायुमय भाग हाच तिचा पाय असतो. शंख असलेलीला आपल्याकडे शंखी गोगलगाय म्हणतात, तर शंख नसलेलीला शेंबडी. शेतात उपद्रव करणारी मोठी जाती म्हणजे आफ्रिकी राक्षसी गोगलगाय. तिचे शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फ्युलिका; जुन्या ग्रंथांत ते ॲकॅटिना फ्युलिका असे आढळते. तिचा शंख निमुळता, तपकिरी आणि उभ्या पट्ट्यांचा असतो. पूर्ण वाढलेल्या मोठ्या शंखाची लांबी क्वचित 20 सेंटिमीटरपर्यंत जाते. ही गोगलगाय उभयलिंगी असून एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते.

तिचे मूळ पूर्व आफ्रिकेत आहे. 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंखाभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या चौरंगी भागातील बागेत सोडल्या आणि तिचा भारतातील प्रवास सुरू झाला. शंखांच्या एका जाणकारानेच हे संकट देशात आणावे, हा इतिहासातील विचित्र योग होय. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो. बेसाल्टपासून तयार झालेल्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे विपुल सापडतात, त्यामुळे चुन्याची वाण तिला येथे सहसा भासत नाही. ती चुना दिलेल्या भिंतीही खरवडते. रात्री अशा भिंतीपाशी विजेरी घेऊन उभे राहिल्यास ते काम प्रत्यक्ष पाहता येते.

वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर वस्तूच्या मूळ आकाराइतकी, म्हणजे 1:1 प्रमाणात, उमटणे हे समीपछायाचित्रणाचे रूढ परिमाण आहे. 1899 मध्ये डब्ल्यू. एच. वॉल्मस्ली यांनी दहापटीहून कमी विवर्धनाच्या छायाचित्रांना सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रांपासून वेगळे नाव सुचवले. पुढे 1955 मध्ये जर्मनीच्या हाइन्झ किलफिट यांचे ‘मॅक्रो-किलार’ हे भिंग बाजारात आले आणि लहान कॅमेऱ्यांसाठी जवळून टिपणारी भिंगे मिळू लागली. आज खास मॅक्रो लेन्स नसली तरी 50 मिलिमीटरची साधी लेन्स उलटी बसवून, तिच्यामागे विस्तारनळ्या लावून किंवा मोबाइलवर चिमट्याचे भिंग चढवून बरेच काम भागते.

या छायाचित्रणातील खरी अडचण क्षेत्रखोलीची, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याच्या जाडीची असते. 1:1 प्रमाणात, छिद्र एफ/11 ठेवले तरी, पूर्ण आकाराच्या संवेदकावर हा पट्टा जेमतेम 1.3 मिलिमीटर भरतो. शृंगाच्या टोकावरचा डोळा स्पष्ट आला की शंख धूसर होतो. छिद्र आणखी लहान केल्यास विवर्तनामुळे सारेच चित्र मऊ पडते. फुलपाखरू किंवा चतुर टिपणाऱ्याला याखेरीज त्यांच्या चपळाईशीही झगडावे लागते. गोगलगाय मात्र सेकंदाला साधारण एखादा मिलिमीटर सरकते. म्हणून नवशिक्याने हात बसवावा तो हिच्यावरच, असे माझे मत आहे.

तिच्या ओल्या त्वचेवर फ्लॅशचा थेट उजेड पडला की पांढरे डाग उठतात. यावर उपाय सोपा आहे: फ्लॅशपुढे पातळ पांढरा कागद किंवा दुधी प्लास्टिक धरावे. मृगाच्या पावसापासून पुढे संध्याकाळ, रात्र आणि ढगाळ सकाळ या तिच्या संचाराच्या वेळा असतात. कॅमेरा तिच्या पातळीवर, जमिनीलगत ठेवावा. वरून घेतलेल्या चित्रात नुसता शंखच दिसतो.

जवळून पाहण्याजोगे पुष्कळ आहे. शृंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकांवर डोळे, तर खालची आखूड जोडी स्पर्श आणि गंध जाणण्यासाठी. शंखाच्या कडेपाशी उजव्या बाजूस श्वसनरंध्र उघडते आणि मिटते. सर्वांत कुतूहलाचे अवयव मात्र तोंडात दडलेले आहेत. जिभेसारख्या पट्टीवर ओळीने बसवलेल्या असंख्य सूक्ष्म दातांनी ती अन्न कानसल्यासारखे घासते. गोगलगाय काचेवर चढवली आणि पलीकडून कॅमेरा लावला तर ही हालचाल टिपता येते.

कुंडीतल्या ओल्या मातीत ॲलोपिअस ग्रॅसाइल ही सुमारे एक सेंटिमीटर लांबीची, सुईसारखी निमुळती गोगलगाय सापडू शकते. तिचा शंख इतका पारदर्शक असतो की आतली अंडीसुद्धा दिसतात. मॅक्रोक्लॅमिस प्रजातीचे शंख चपटे, पातळ आणि चकचकीत असतात. मोठ्या आक्रमक जातीसोबत यांनाही सरसकट मिठाच्या पाण्यात टाकणे योग्य नव्हे.

ओळख पटवण्यासाठी एकच सुंदर चित्र पुरत नाही. शंखाची बाजू, शिखर आणि मुख अशी तीन चित्रे हवीत. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी आणि तारीख व गाव नोंदवावे. राक्षसी जातीत मुखाच्या आत दिसणारी स्तंभिका, म्हणजे शंखाचा मधला खांब, पांढरट असते आणि खालच्या टोकाशी एकाएकी छाटल्यासारखी संपते. मॅक्रोक्लॅमिसमध्ये तळाशी मधोमध नाभी, म्हणजे बारीक छिद्र, शोधावे.

कोरड्या महिन्यांत गोगलगायी मातीत किंवा दगडांच्या फटीत शिरतात आणि शंखाचे मुख पातळ पांढऱ्या पडद्याने बंद करून महिनोन्‌महिने निश्चल राहतात. केंद्रबिंदू थोडाथोडा सरकवत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करण्याची पद्धत तेव्हाच खरी यशस्वी ठरते, कारण जागृत गोगलगायीची शृंगे क्षणभरही स्वस्थ नसतात. या छंदात एक काळजी मात्र घ्यावी लागते. उंदराच्या फुप्फुसातील कृमीचे डिंभ गोगलगायीत आढळू शकतात आणि ते माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून गोगलगाय हाताळताना हातमोजे घालावेत, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि काच व पट्टीही पुसून ठेवावी.