सॉफ्टवेअरचे विलगीकरण : अधिकार काढून घेण्याचा इतिहास

संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामला तो सुरू करणाऱ्या माणसाचे सगळे अधिकार आपोआप मिळतात, हे गृहीतक वैयक्तिक संगणकाच्या घडणीत इतके खोल रुजलेले आहे, की त्रासदायक सॉफ्टवेअर मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमपासून अलग ठेवण्याचे आजवरचे बहुतेक प्रयत्न त्या एका गृहीतकाची दुरुस्ती ठरतात. माणूस एखादा गेम सुरू करतो तेव्हा त्याला फक्त खेळायचे असते. गेमला मात्र त्याची पत्रे, छायाचित्रे आणि हिशेब वाचण्याची, बदलण्याची, प्रसंगी पुसून टाकण्याचीही मुभा मिळते.

विलगीकरणाचे तंत्र वैयक्तिक संगणकाहून जुने आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली घडलेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या जानेवारीत नियमित वापरात आली आणि तिने एकाच यंत्रावर १४ आभासी संगणक, म्हणजे प्रत्यक्षात नसलेले पण आतल्या सॉफ्टवेअरला खरे भासणारे संगणक, उभे करून दाखवले. महागडे यंत्र अनेकांनी वाटून वापरावे हा त्यामागचा मोठा हेतू होता. परंतु एका आभासी संगणकातील प्रणाली कोसळली तरी शेजारच्याला त्याची झळ लागत नसे, हा गुणही त्यातून पदरात पडला. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी, प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच किमान अधिकार असावेत, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. तत्त्व आणि तंत्र अशी दोन्ही हाताशी असताना १९८१ चा आयबीएम पीसी बाजारात आला तो या दोहोंशिवाय, कारण त्यावरील डॉस प्रणालीत कोणताही प्रोग्राम मेमरीत कोठेही लिहू शकत असे. त्या यंत्रातील प्रोसेसरमध्ये संरक्षणाची सोयच नव्हती हे खरे; पण ८०२८६ आणि १९८५ च्या ८०३८६ या प्रोसेसरांत ती आल्यानंतरही घरगुती प्रणालींनी तिचा अर्धामुर्धाच उपयोग केला. जुने प्रोग्राम चालत राहावेत, हा बाजाराचा आग्रह त्याला कारणीभूत होता, आणि त्याची किंमत पुढे कित्येक वर्षे वापरणाऱ्यांनी मोजली.

दुरुस्तीचा पहिला मोठा टप्पा १९९९ मध्ये, पीसीवर आभासी संगणक चालवणाऱ्या व्हीएमवेअर वर्कस्टेशन या सॉफ्टवेअरने गाठला. आभासी संगणकाने विशेषाधिकाराची आज्ञा दिली की प्रोसेसरने ती अडवावी आणि नियंत्रण बाहेरच्या व्यवस्थापक सॉफ्टवेअरकडे द्यावे, ही पॉपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये सांगितलेली अट इंटेलचे प्रोसेसर पुरी करत नव्हते. ‘पॉपएफ’ या आज्ञेचे उदाहरण बोलके आहे : प्रोसेसरच्या स्थितिदर्शक खुणा बदलणारी ही आज्ञा पुरेसा अधिकार नसताना दिली, तर बाहेरून येणारे व्यत्यय चालू-बंद करणारा तिचा भाग प्रोसेसर मुकाट्याने गाळत असे आणि चूक झाल्याचे सांगत नसे, त्यामुळे व्यवस्थापकाला काही कळायला मार्गच उरत नसे. व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालण्यापूर्वीच हेरून त्यांच्या जागी सुरक्षित आज्ञा बसवल्या; हार्डवेअरची मदत इंटेल आणि एएमडीकडून २००५-०६ मध्ये मिळाली.

तोवर घरगुती संगणक उघडेच होते, कारण विंडोज एक्सपी बसवताना तयार होणाऱ्या खात्याला प्रशासकाचे अधिकार असत. याचा अर्थ काय, ते २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या संगीत सीडींनी दाखवले. सीडी संगणकात घातल्यावर नक्कल रोखण्यासाठी बसवले जाणारे सॉफ्टवेअर, डॉलर-सिस-डॉलर अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाची प्रत्येक फाइल प्रणालीपासून लपवत असे. मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबरला हे उघड केल्यावर इतरांच्या घातक प्रोग्रामांनीही तीच अक्षरे आपल्या नावाला लावून त्या आडोशाचा फायदा घेतला. गाणी ऐकणाऱ्या माणसाने यात कोणतीही चूक केलेली नव्हती, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

रोनेन झुर यांचे सँडबॉक्सी हे साधन याच्या आदल्याच वर्षी, मुळात इंटरनेट एक्सप्लोररला आवर घालण्यासाठी आले होते. त्यात चालणारा प्रोग्राम मूळ फाइल वाचू शके, पण तिच्यात बदल करू लागताच तिची प्रत एका वेगळ्या फोल्डरमध्ये तयार होई आणि सारे बदल तेथेच साठत. रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदसंग्रहालाही तोच नियम लागू होता. खिडकीच्या शीर्षकात चौकटी कंसातील हॅशचे चिन्ह दिसे आणि काम संपल्यावर ते फोल्डर रिकामे केले की मूळ प्रणाली जशीच्या तशी राही. संपूर्ण आभासी संगणक न उभारता मिळणारी ही सोय होती. मात्र प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आत आणि बाहेर एकच असल्यामुळे त्यातील दोष दोन्हीकडे सारखाच भोवू शके.

२००८ मध्ये क्रोम ब्राउझरने वेबपृष्ठे हाताळणारी आपलीच प्रक्रिया जवळजवळ अधिकारहीन करून टाकली, आणि त्याच वर्षी बाजारात आलेल्या अँड्रॉइडने प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता मानले. जुने गृहीतक खऱ्या अर्थाने मोडले ते फोनवर, कारण तेथे जपायला जुने प्रोग्रामच नव्हते. डेस्कटॉपवर जुन्याला आत ठेवणे हेही विलगीकरणाचेच काम झाले. २००१ नंतर नवी मोठी आवृत्ती न निघालेला पेजमेकर हा पानमांडणीचा प्रोग्राम आणि युनिकोडपूर्व फॉन्ट यांत अडकलेला मराठी मजकूर उघडायचा, तर आभासी संगणकात एक्सपी बसवून, इंटरनेट तोडून आणि फॉन्टचे डोंगल, म्हणजे परवान्याची हार्डवेअर किल्ली, आत जोडून देणे, हा सुरक्षित मार्ग ठरतो.

आभासी संगणकाची भिंतही अभेद्य नाही. २०१५ मध्ये उघड झालेला ‘व्हेनम’ हा दोष क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या आभासी फ्लॉपी नियंत्रकात २००४ पासून होता, आणि काही प्रणालींत फ्लॉपी बंद केली तरी तो सदोष भाग जागाच राही. त्यातून आतला प्रोग्राम यजमान संगणकावर पोचू शकत होता. ज्या यंत्राची कोणाला गरज उरली नव्हती, त्याची हुबेहूब नक्कल आत ठेवल्याने हे दार उघडे राहिले. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांनी खुद्द प्रोसेसरच्या घडणीवरच शंका निर्माण केली.

विंडोज सँडबॉक्स २०१९ च्या मे महिन्यात आला, तो या सर्व अनुभवांवर उभा राहून : काही क्षणांत सुरू होणारी, स्वतंत्र कर्नल असलेली आणि बंद करताच आतील सर्व काही नष्ट करणारी कोरी विंडोज. संशयास्पद प्रोग्राम तपासण्याचे इतके सोपे साधन विंडोजमध्ये पूर्वी नव्हते. मात्र ही सोय प्रो आणि एंटरप्राइझसारख्या आवृत्त्यांत दिली गेली, होम आवृत्तीत नाही. आणि कोठून तरी उतरवलेला प्रोग्राम विचार न करता उघडणारी, मदतीला संगणक विभाग नसलेली बहुसंख्य माणसे वापरतात ती होम आवृत्तीच.