उद्दीपित विभव
ज्ञानेंद्रियास अथवा तंत्रिकेस (मज्जातंतूस) बाहेरून उद्दीपन दिले असता मेंदूत उमटणाऱ्या विद्युत् प्रतिसादास उद्दीपित विभव म्हणतात. बेशुद्ध, श्वसनयंत्रावरील रुग्णाचे मेंदूकार्य अजमावण्यास त्याचा उपयोग होतो. या परीक्षेस रुग्णाचे सहकार्य लागत नाही आणि आरंभीचे तरंग गुंगीच्या औषधांनी फारसे बदलत नाहीत.

रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये प्राण्यांच्या मेंदूतील विद्युत् प्रवाह नोंदविले. तंत्रिकेच्या उद्दीपनाने मानवी मेंदूत उमटणारा प्रतिसाद जॉर्ज डॉसन यांनी १९४७ मध्ये टाळूवरून टिपला.

पद्धती : मनगटाजवळील तंत्रिकेस सौम्य विद्युत् झटके देतात. संदेश मानेतील मेरुरज्जूतून व मस्तिष्क स्तंभातून सु. २० मिलिसेकंदांत मेंदूच्या बाह्यकात पोहोचतो. तेथील तरंग काही मायक्रोव्होल्टचाच असल्याने मेंदूच्या इतर विद्युत् हालचालीत तो लपून जातो. म्हणून शेकडो प्रतिसादांची संगणकाने सरासरी काढतात. श्रवण परीक्षेत कानात टकटक असा ध्वनी देतात. त्यानंतर १० मिलिसेकंदांच्या आत उमटणाऱ्या तरंगांपैकी पहिला श्रवण तंत्रिकेतून, तर पाचवा मस्तिष्क स्तंभाच्या वरच्या भागातून येतो.

अर्थ व मर्यादा : हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर निदान २४ तासांनी बाह्यकातील तरंग दोन्ही बाजूंस आढळला नाही, तर रुग्ण शुद्धीवर येण्याची शक्यता अत्यल्प असते. तरंग आढळला म्हणजे रुग्ण बरा होईलच, असे मात्र नाही. तसेच तरंगाचा अभाव नेहमीच मेंदूमुळे असतो असेही नाही. मानेच्या दुखापतीने संदेश वाटेतच अडतो. म्हणून गळपट्टीच्या हाडाजवळील व मानेवरील नोंदीही घेतात. भोसरी–चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे राबलेल्या कामगाराची श्रवणशक्ती आधीच मंदावलेली असू शकते. अपघातात कवटीच्या तळाचे हाड मोडल्यानेही बहिरेपणा येतो. अशा वेळी पहिलाच तरंग न मिळाल्यास पुढील तरंगांच्या अभावावरून मेंदूविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ महाराष्ट्रात १९९५ पासून लागू आहे. त्यानुसार मस्तिष्क स्तंभाचा मृत्यू चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून ठरविते. त्यासाठी उद्दीपित विभवाची सक्ती नाही. उपचार चालू ठेवण्याचा किंवा थांबविण्याचा निर्णय केवळ या परीक्षेवर सोपवीत नाहीत. प्रत्यक्ष तपासणी, विद्युत् मस्तिष्कालेख व मेंदूची प्रतिमाचित्रे यांच्या जोडीनेच तिचा विचार करतात.