अंगठा कोणाचा, प्लॉट कोणाचा?

हरियाणा सरकारने २०१६ साली गुडगावचे नाव बदलून गुरुग्राम केले. पांडवांनी हे गाव गुरू द्रोणाचार्यांना दक्षिणा म्हणून दिले, अशी तिथली आख्यायिका आहे. दक्षिणेत आख्खे गाव घेणारे हे तेच गुरुजी, ज्यांनी न शिकवलेल्या एकलव्याकडून दक्षिणेत उजव्या हाताचा अंगठा घेतला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपल्या समाजाने १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे लाठ्या खाल्ल्या, घरे जळताना पाहिली, माणसे गमावली. तिथे मात्र मुख्यमंत्र्यांच्या एका घोषणेने द्रोणाचार्यांचे काम झाले. कोणाचे एक बोटही दुखावले नाही!

पण या शहराचे खरे नाव द्रोणाचार्यांच्या नावावरही नाही. तिथल्या माणसाला पत्ता विचारा. तो सांगेल डीएलएफ फेज वन, फेज टू, फेज थ्री, किंवा डीएलएफ सायबर सिटी. देशात टाटांच्या नावाची नगरी आहे, पण ती कारखान्याभोवती वसली. इथे जमिनीची खरेदी-विक्री हाच कारखाना आणि एक कुटुंब त्याचे मालक.

डीएलएफ म्हणजे दिल्ली लँड अँड फायनान्स. चौधरी राघवेंद्र सिंह यांनी १९४६ मध्ये ही कंपनी काढली. फाळणीनंतर दिल्लीत लोंढे आले, घरांची गरज भयंकर वाढली आणि कंपनीने साउथ एक्स्टेन्शन, ग्रेटर कैलाश, हौज खास अशा बावीस वसाहती उभ्या केल्या. १९५७ चा दिल्ली विकास कायदा आला, दिल्लीच्या जमिनीचा विकास सरकारी प्राधिकरणाकडे गेला आणि खाजगी वसाहतवाल्यांचा धंदा बसला. तेव्हा राघवेंद्र सिंहांचे जावई, लष्करातून आलेले कुशल पाल सिंह, दिल्लीच्या हद्दीबाहेर हरियाणात शिरले. हरियाणाने १९७५ मध्ये नागरी क्षेत्र विकास व नियमन कायदा करून खाजगी विकासकाला परवाना देण्याची वाट तयार केली होती. १९८१ मध्ये डीएलएफला परवाना मिळाला.

के. पी. सिंह यांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रवास रंगवून सांगितला आहे. उन्हाळ्यात ते शिवारातल्या एका विहिरीपाशी बसले होते, एक जीप गरम होऊन थांबली, तीत राजीव गांधी होते आणि पुढे अडलेली कामे मार्गी लागली, असा तो प्रसंग. (विहिरीपाशी कोणाला बसू दिले जात होते, हा माझ्यासारख्याच्या मनात येणारा प्रश्न त्या पुस्तकात नाही.) त्याहून महत्त्वाची आहे ती जमीन खरेदीची हकीकत. सातशेहून अधिक कुटुंबांकडून साडेतीन हजार एकर जमीन घेतली, तीही बरीचशी उधारीवर. विकणाऱ्याचा पैसा व्याजाने पुन्हा कंपनीतच गुंतवून घेतला. शेतकऱ्याच्या खाटेवर बसायचे, त्याच्या घरचे दूध प्यायचे, त्याच्या पोराबाळांच्या लग्नकार्याची चौकशी करायची. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांत याला विश्वासाचे भांडवल म्हणतील. आपण त्याचे साधे नाव घेऊ : जात. खरेदी करणारा जाट, विकणारे जाट, अहिर, गुर्जर. जमिनीवाल्या जातींची एकमेकांत ऊठबस होती, हुक्का-पाणी होते. म्हणून उधारी चालली. चमार किंवा वाल्मिकी वस्तीतला माणूस त्याच शिवाराच्या मालकाकडे जाऊन "जमीन द्या, पैसे नंतर देतो" असे म्हणाला असता तर काय झाले असते, हे वाचकांनी स्वतःच ठरवावे.

आणि तो तसे म्हणायला जाऊच शकत नव्हता, याला कायद्याचा इतिहास आहे. गुडगाव जिल्हा तेव्हा पंजाब प्रांतात होता. इंग्रज सरकारने १९०० साली पंजाब जमीन हस्तांतरण कायदा केला. सावकारांपासून शेतकऱ्याला वाचवायचे, हा त्याचा उघड हेतू. पण पद्धत अशी की सरकारने 'शेतकरी जमाती' कोणत्या ते अधिसूचित करायचे आणि त्यांची जमीन त्यांच्याबाहेरच्या माणसाला विकायची नाही. अस्पृश्य जाती पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत राबत होत्या, पण कागदावर त्या 'शेतकरी' नव्हत्या. सावकारावर उगारलेली काठी अस्पृश्याच्या पाठीत बसली. मंगूराम यांच्या आद-धर्म चळवळीने १९२० च्या दशकात या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. बाबासाहेबांनीही अस्पृश्यांना जमीन का नाही, हे सांगताना आपल्या लिखाणात या कायद्यावर बोट ठेवले आहे. संविधान आल्यानंतर हा कायदा गेला. पण पन्नास वर्षांत सातबारा कोणाच्या नावावर चढायचा तो चढून गेला होता. तिकडे सातबाऱ्याला जमाबंदी म्हणतात, एवढाच फरक.

आता हिशेब लावा. १९८० नंतर गुडगावच्या जमिनीचे भाव चढले आणि एकरात मोजला जाणारा भाव चौरस यार्डात मोजला जाऊ लागला, तेव्हा पैसा आला तो ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्याकडे. भूमिहीन मजुराला काहीच नाही. जमीन सरकारने संपादित केली असती तरी नुकसानभरपाई मालकालाच. खरेदीखतावर त्याच्या अंगठ्याची गरजच पडली नाही. एकलव्याचा अंगठा निदान मागितला तरी होता!

मजुराचे गेले ते वेगळेच. शेत गेले म्हणजे त्या शेतातले काम गेले, जनावराचा चारा गेला, सरपण गेले. गावाच्या सामायिक जमिनी, ज्यांना तिकडे शामलात म्हणतात, तिथे भूमिहीनाचे एखादे जनावर चरत होते. गावे महापालिकेत गेली तशा पंचायतीच्या जमिनीही गावाच्या हातून गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी बळकावण्यावर कडक निर्णय दिला आणि सर्व राज्यांना अतिक्रमणे हटवायला सांगितले. त्यात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेले पट्टे अपवाद म्हणून नोंदवले आहेत. आपल्या वकील मित्रांनी हा निकाल मुळातून वाचावा, गायरानाच्या प्रत्येक प्रकरणात तो लागतो.

शहर मात्र वाढत गेले. १९८९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च भारतात आले, मागोमाग ती कंपनी गुडगावात आली, मग कॉल सेंटर, मग काचेच्या इमारती. २००१ च्या जनगणनेत शहर पावणेदोन लाखांच्या घरात होते, २०११ मध्ये पावणेनऊ लाखांच्या घरात. आणि या शहराला महानगरपालिका कधी मिळाली? २००८ मध्ये. नगरसेवक निवडण्यासाठी मतदान झाले ते २०११ मध्ये. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ एका मोठ्या शहराचे रस्ते कुठून जावेत, बाग कुठे, शाळेचा भूखंड कुठे, याचे निर्णय ज्यांच्या हाती होते ते कोणाच्या मताने निवडून आले नव्हते. सायबर सिटीत कंपनीची स्वतःची अग्निशमन व्यवस्था. २०१३ मध्ये सुरू झालेली रॅपिड मेट्रो खाजगी पैशाची. तीही चालवणे परवडेना म्हणून २०१९ मध्ये सरकारच्या गळ्यात आली. नफा असतो तोवर खाजगी, तोटा आला की सार्वजनिक!

महापालिका नसली तर आपले काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की महापालिकेत राखीव प्रभाग असतो, सफाई कामगाराची कायम नोकरी असते, अनुशेष असतो, पालिकेची शाळा असते. खाजगी कंपनीच्या देखभाल खात्यात यातले एकही नसते. तिथे ठेकेदार असतो. संविधानाचे आरक्षण जिथे पोहोचत नाही असे आख्खे शहर वसवता येते, हे गुडगावने दाखवून दिले.

तरी कायद्यात एक खिडकी होती. परवाना घेऊन प्लॉटची वसाहत पाडायची तर २० टक्के प्लॉट दुर्बल आणि अल्प उत्पन्न घटकांसाठी ठेवायचे, इमारतींच्या वसाहतीत १५ टक्के घरे. हे परवान्याच्या अटीतच आहे. डीएलएफ फेज थ्रीमध्ये अशा ६० यार्डांच्या प्लॉटवर आज काय उभे आहे? सहा-सहा, सात-सात मजली इमारती, भाड्याच्या खोल्या, दुकाने. २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने डीएलएफच्या वसाहतींतल्या बेकायदा बांधकामांवर कारवाईचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' सांगितले. या भांडणात मूळ प्रश्न कोणी विचारत नाही, की ज्या गरिबासाठी हा प्लॉट होता तो कुठे आहे.

पैसेवाल्या ग्राहकाचे हाल झाले तेव्हा मात्र यंत्रणा हलली. बेलेअर नावाच्या प्रकल्पात १९ मजले सांगून २९ मजले बांधले, करार एकतर्फी, ताब्याला उशीर. रहिवासी स्पर्धा आयोगाकडे गेले. ऑगस्ट २०११ मध्ये आयोगाने वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल डीएलएफला ६३० कोटींचा दंड ठोठावला. २०१४ मध्ये अपिलातही तो टिकला आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम भरायला लावली. निकाल चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण कोटीचा फ्लॅट घेणाऱ्याला दाद मागायला आयोग सापडतो. २० टक्क्यांतला हक्कदार आपण हक्कदार आहोत हेच जाणत नाही, मग तक्रार कोण करणार? राजकीय जावयाच्या साडेतीन एकरांवर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. या २० टक्क्यांवर किती भरले?

डिसेंबर २०२४ मध्ये याच शहरात डीएलएफच्या कॅमेलियाज इमारतीतला एक पेंटहाऊस १९० कोटींना विकला गेला. त्यानंतर सात महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, पोलिसांनी बांगलादेशी शोधण्याच्या नावाखाली बंगाली बोलणाऱ्या कामगारांना पकडून ठेवले. भीतीने शेकडो कुटुंबे गाव सोडून पळाली आणि शहरात कचऱ्याचे ढीग लागले. कचरा उचलणारा या शहरात कुठे राहत होता? कोणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर, पत्र्याच्या झोपडीत, महिन्याचे भाडे देऊन. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करा आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी आयोग नेमा, अशी मागणी का केली होती, ते या झोपडीच्या दारात उभे राहिल्यावर समजते.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे परराज्यातले म्हणून बाजूला टाकू नये. डोंबिवलीजवळ पलावा हे लोढा कुटुंबाच्या कंपनीचे आख्खे शहर उभे राहिले आहे, आणि समूहाचे संस्थापक मंगलप्रभात लोढा २०२२ पासून राज्याच्या मंत्रिमंडळात बसलेले आपण पाहिले. आपला फरक असा, की इथे आपल्या समाजाच्या नावावर काही जमीन आहे. महार वतनाची. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने ती मूळ वतनदारांना मिळाली, पण नवीन शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा याशिवाय ती विकता येत नाही. शहरे वाढत गेली तशा गावकुसाबाहेरच्या या जमिनी शहराच्या मधोमध आल्या. मग आले कुलमुखत्यारपत्र, आले साठेखत, आले पाच-पन्नास हजारांचे विसार. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार गाजला तो याच वाटेने आलेला. गुडगावात आपल्या माणसाचा अंगठा लागलाच नाही, इथे तो लागतो, म्हणून तो घ्यायला माणसे घरी येतात.

तेव्हा ज्यांच्या कुटुंबात वतनाची जमीन होती त्यांनी तलाठ्याकडून जुने फेरफार आणि सातबारा काढून घ्यावा, इतर हक्कात कोणाचे नाव चढले ते पाहावे. कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी ते वकिलाला दाखवावे. दुसरे काम शाखांचे आहे. २०१३ पासून दहा लाखांवरच्या शहरांत चार हजार चौरस मीटरवरील प्रकल्पांना २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम लागू झाला, टाउनशिपच्या नियमांतही सामाजिक घरांचा वाटा आहे. आपल्या शहरात अशी किती घरे मंजूर झाली, किती बांधली, कोणाला दिली आणि त्यात अनुसूचित जातीचे किती, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या नगररचना विभागाला आणि म्हाडाला विचारावेत. अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयात करायचे असते.